कारंजा आणि नांदेड
विदर्भातल्या कळंबहून पश्चिमेला कारंजा (लाड), नैर्ऋत्येला नांदेड. कारंजा हे दिगंबर जैनांच्या भट्टारकपीठांचे जुने ठाणे. जैन मत सृष्टिकर्ता ईश्वर मानत नाही. जीव आपल्याच कर्मांनी बांधला जातो आणि अहिंसा, संयम, तप यांनी सुटतो. सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नेमही अहिंसेपोटीच. नांदेडचे नाते शिखांशी. शीख एकाच निराकार ईश्वराचे नाम घेतात. त्यांच्या लंगरात जात न विचारता सर्वांना एका पंगतीत वाढतात. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली नांदेडला देह ठेवण्यापूर्वी गुरुपद ग्रंथाकडे सोपवले. त्याच गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. मराठी वाचकाने ती आवर्जून वाचावीत.