प्यूमाची अपकीर्ति

अमेरिकेंतील प्यूमाचा इतिहास हा बव्हंशीं मनुष्याच्या भयाचाच इतिहास होय. कॅलिफोर्निया सरकारनें १९०७ पासून १९६३ पर्यंत इनामें देऊन १२,००० हून अधिक प्यूमा मारविले. परंतु पॉल बायर ह्यांनीं १८९० ते १९९० ह्या शतकाची गणना केली, तेव्हां अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें व कॅनडा मिळून प्यूमानें मारलेलीं माणसें अवघीं १० भरलीं. १९९० सालीं कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीं त्यास शिकारीपासून अभय दिलें. १९९४ सालीं दोन स्त्रिया बळी पडल्या. तरी १९९६ सालीं तें अभय काढून घेण्यास मतदारांनीं नकारच दिला. संकट विरळ, तथापि खरें आहे. हल्ला झालेल्यांत मुलेंच अधिक होतीं; तेव्हां त्यांस रानांत एकटें सोडूं नये, इतकाच बोध ही गणना करिते.