सर, आपल्यातलं कोण पळालंय?

आठवीच्या वर्गावर मराठीचा तास होता. ‘मॅरेथॉन’ हा शब्द एका वाक्यात आला आणि दुसऱ्या बाकावरच्या पोराने विचारलं, “सर, मॅरेथॉन म्हणजे मराठ्यांची शर्यत का?” वर्ग हसला. मला हसू आलं नाही. उर्दू माध्यमातल्या मुलाच्या कानाला मराठी, मराठा आणि मॅरेथॉन ही सख्खी भावंडं वाटली, तर त्यात त्याचं काय चुकलं? मी सांगितलं की हे ग्रीसमधल्या एका ठिकाणाचं नाव आहे आणि त्याचं नातं बडीशेपेच्या ग्रीक शब्दाशी जोडतात. “म्हणजे बडीशेपवाली दौड!” मागून आवाज आला. मग पहिल्याच पोराने दुसरा प्रश्न टाकला, “सर, त्यात आपल्यातलं कोण पळालंय?”

‘आपल्यातलं’ म्हणजे काय, हे मिरजेतल्या आठवीच्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही. मो फराहचं नाव मला ठाऊक होतं, पण त्याची ऑलिंपिक सुवर्णपदकं पाच आणि दहा हजार मीटरची. मी म्हटलं, उद्या सांगतो. तेवढ्यात तिसरा म्हणाला, “सर, तुम्हीच पळा की!”

ते पोरगं गमतीत बोललं. पण त्याच आठवड्यात डॉक्टरांनी माझ्या तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा पेनाने गोल करून मला दाखवला होता. वय चव्वेचाळीस. बी.एड.च्या वर्षी कॉलेजच्या क्रीडादिनी चारशे मीटर धावलो होतो, शेवटून दुसरा आलो होतो, त्यानंतर फक्त गाडी सुटत असताना स्टेशनवर. त्या रात्री मी बायकोला म्हणालो, डिसेंबरात पुण्याला मॅरेथॉन असते, त्यात धावणार. ती म्हणाली, “अजी, पहले घाट तक तो चल के दिखाओ.”

तिचं बरोबर होतं. फजरची नमाज झाली की कृष्णा घाटाच्या रस्त्याला लागायचं, एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं, असं सुरू केलं. पहिल्या दिवशी ते एक मिनिट संपता संपेना.

दुसऱ्या आठवड्यात गस्तीच्या गाडीने थांबवलं. अजून उजाडलेलं नव्हतं. डोक्यावर टोपी तशीच राहिली होती, दाढी तर आहेच. “का पळताय?” हवालदाराने विचारलं. मी सांगितलं, साखर आहे. नाव विचारलं, सांगितलं. ओळखपत्र विचारलं, तेही मोबाईलवर दाखवलं. “शिक्षक आहात होय? मग हळू पळा,” असं म्हणून ते गेले. वाईट काही बोलले नाहीत. पण उरलेला रस्ता मी चाललो.

माझा धंदा शब्दांचा, म्हणून तो प्रश्न डोक्यात राहिला. आमच्या भागात कोणी धावायला जात नाही, सगळे पळायला जातात. आणि चोरही पळतो, सैन्यही पळतं, लग्न ठरलेली मुलगीही पळून जाते. दखनीतलं भागना तसंच. एकाच क्रियापदात व्यायाम आणि गुन्हा शेजारी शेजारी राहतात, आणि त्यातला कोणता अर्थ घ्यायचा हे पळणारा ठरवत नाही. बघणारा ठरवतो.

त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना आधी मला एक भाषेचा मास्तरच भेटला. मिशेल ब्रेआल हा फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ. बर्लिनला जाऊन फ्रांट्स बोप यांच्याकडे संस्कृत शिकलेला. शब्दार्थशास्त्राला ज्या नावाने जग ओळखतं ते फ्रेंच नाव रूढ करणारं पुस्तक त्याने 1897 मध्ये लिहिलं. त्याच्या आदल्या वर्षी अथेन्सला पहिलं आधुनिक ऑलिंपिक भरलं, त्यात मॅरेथॉनपासून अथेन्सपर्यंत शर्यत ठेवा ही कल्पना ब्रेआलची, आणि विजेत्यासाठी चांदीचा पेलाही त्याचाच. म्हणजे ही शर्यत प्राचीन ग्रीकांची नव्हेच. हिरोडोटसने लिहिलेला फिडिपिडीस धावला तो लढाईआधी मदत मागायला, अथेन्सहून स्पार्टाला. विजयाची बातमी सांगून प्राण सोडणारा धावपटू नंतर कित्येक शतकांनी आलेल्या लेखकांचा. ब्रेआलला ती कथा आवडली, एवढंच. 1896 ची ती शर्यत, सुमारे 40 किलोमीटरची, पाणी वाहून नेण्याचं काम करणाऱ्या स्पिरिडॉन लुईसने जिंकली. 42.195 किलोमीटर हा आजचा आकडा 1908 चा. लंडनच्या शर्यतीची सुरुवात विंडसरच्या राजवाड्यापासून आणि शेवट स्टेडियममधल्या राजघराण्याच्या सज्जासमोर, म्हणून तो इतका विचित्र आहे. माझे गुडघे ज्या शेवटच्या दोन किलोमीटरांत जाणार आहेत, ते इंग्लंडच्या राजाचं देणं आहे.

आपल्या मातीतला पहिला माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष असताना सर दोराबजी टाटांनी तिथल्या मैदानी स्पर्धांत शेतकरी पोरं अनवाणी धावताना पाहिली. त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जाणाऱ्या होत्या. त्यातून दोराबजींच्या पुढाकाराने 1920 ला अँटवर्पच्या ऑलिंपिकला छोटा संघ गेला. त्यात मॅरेथॉनसाठी दोघे होते, सदाशिव दातार आणि बेळगावचे फडेप्पा चौगुले. त्या वर्षी अंतर नेहमीपेक्षा जास्त, 42.75 किलोमीटर होतं. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुले 2 तास 50 मिनिटांत एकोणिसावे आले. मिरजेहून बेळगावला रेल्वेने जाताना मी आता खिडकीतून वेगळ्या नजरेने बघतो. मला विचाराल तर तेही आपल्यातलेच. पण मुलाने ज्या अर्थाने विचारलं होतं, त्या अर्थाचं उत्तर अजून मिळालं नव्हतं.

ते मिळालं 1928 च्या अॅमस्टरडॅममध्ये. हेच ते ऑलिंपिक, जिथे मे महिन्यात ध्यानचंद यांच्या संघाने हॉकीचं पहिलं सुवर्णपदक आणलं. त्या संघात फिरोज खान, शौकत अली, सय्यद युसूफ होते. 5 ऑगस्टला मॅरेथॉन झाली. जपानचा यामादा आणि अमेरिकेचा जोई रे पुढे होते. शेवटच्या काही किलोमीटरांत मागून एक बारीक अंगाचा माणूस आला, त्यांना मागे टाकून निघाला आणि 2 तास 32 मिनिटं 57 सेकंदांत पहिला आला. चिलीचा मॅन्युएल प्लाझा 26 सेकंदांनी दुसरा. फ्रान्सचा झेंडा वर चढला. धावणाऱ्याचं नाव बूगेरा एल वाफी, अल्जीरियातल्या बिस्क्राजवळच्या औलाद जलालचा.

उर्दू जाणणाऱ्याला त्या नावापाशी थांबावंच लागतं. फ्रेंच कारकुनांनी ते ज्या स्पेलिंगने लिहिलं त्यातून काही उमगत नाही, कुठे बूगेरा आधी तर कुठे एल वाफी आधी. पण मूळ शब्द अल-वाफी, आपल्या वफाच्या धातूतला. वाफी म्हणजे पुरेपूर, घेतलेलं पुरं करणारा. आपण काफी-वाफी म्हणतो तो.

अल्जीरियावर 1830 पासून फ्रान्सचा कब्जा. तिथला मुसलमान फ्रान्सचा प्रजाजन होता, बरोबरीचा नागरिक नव्हता. पण सैन्यात चालत होता. एल वाफी अल्जीरियन पलटणीत होता, तिथेच त्याची धाव अधिकाऱ्यांच्या नजरेत आली. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकला तो सातवा आला. पुढे तो पॅरिसजवळ बिलाँकूरला रेनॉच्या मोटार कारखान्यात कामगार झाला. सुवर्णपदक जिंकलं ते या कामगाराने.

आपले हॉकीवाले गुलाम देशातूनच गेले होते, पण नोंदीत निदान ‘इंडिया’ हे नाव होतं. एल वाफीला तेवढंही नव्हतं. जिंकला तेव्हा तो फ्रेंच झाला.

आणि ते फार दिवस टिकलं नाही. जिंकल्यावर तो अमेरिकेला गेला, तिथे पैसे घेऊन शर्यती धावला, त्याच जोई रेविरुद्ध न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्येसुद्धा. तेव्हा ऑलिंपिकचा नियम होता की खेळाडूने खेळावर पैसे कमवायचे नाहीत. घरचं पोट भरलेल्यांनी केलेला नियम तो. कारखान्यातल्या मजुराला तो लावला आणि त्याला हौशी खेळाडूंच्या यादीतून काढून टाकलं. त्याची धाव तिथेच संपली. मिळालेल्या पैशांत त्याने पॅरिसला एक कॅफे घेतला. भागीदारीत तोही बुडाला. पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं तो पॅरिसच्या कडेच्या वस्त्यांत गरिबीत राहिला आणि त्याचं नाव कोणी घेतलं नाही.

1956 मध्ये ते पुन्हा निघालं, तेही दुसऱ्या अल्जीरियन माणसामुळे. आलँ मिमून, जन्माचं नाव अली. दुसऱ्या महायुद्धात इटलीत मोंते कॅसिनोला फ्रान्सकडून लढताना त्याचा पाय कापावा लागण्यापर्यंत वेळ आली होती. तो पाय वाचला आणि त्याच पायांवर तो ट्रॅकवर तीन ऑलिंपिक रौप्यपदकं घेऊन बसला, तिन्ही वेळा एमिल झाटोपेकच्या मागे. मेलबर्नला पस्तिसाव्या वर्षी तो मॅरेथॉनला उभा राहिला, आयुष्यातली पहिली मॅरेथॉन. मी हे वाचलं तेव्हा घाटापर्यंतचं अंतर न थांबता जेमतेम जमू लागलं होतं, त्यामुळे ‘पहिली’ हा शब्द दोनदा वाचला. तो जिंकला, आणि शेवटच्या रेषेपाशी उभा राहून झाटोपेकची वाट बघत बसला. झाटोपेक सहावा आला. दोघांनी मिठी मारली.

वार्ताहरांना मग आठवलं की असं अठ्ठावीस वर्षांपूर्वीही एकदा झालं होतं. एल वाफीला शोधून काढलं. एलिझे राजवाड्यात राष्ट्राध्यक्ष रेने कोती यांच्यासमोर मिमूनबरोबर तोही गेला. मिमून तोवर कॅथलिक झाला होता, फ्रान्सशी एकनिष्ठ होता. अल्जीरियात स्वातंत्र्ययुद्ध पेटलेलं होतं आणि पॅरिसमध्ये अल्जीरियन चेहऱ्याच्या माणसाला रस्त्यात अडवून कागद मागत होते. आपल्याकडचे काहीजण मिमूनचं नाव ऐकताच तोंड फिरवतील, हे मला माहीत आहे. पण एल वाफीचं नाव पुन्हा लोकांच्या तोंडी आलं ते मिमूनमुळे. औलाद जलालने किंवा जगभरच्या उम्मतने ते काम केलं नाही. आम्हीही केलं नाही. मी गेली वीस वर्षं मुलांना जयंत्यांची भाषणं लिहून देतो, माझ्या कोणत्याच भाषणात तो नव्हता.

18 ऑक्टोबर 1959 ला पॅरिसजवळच्या सॅं-देनी इथे एल वाफीला गोळ्या घालून मारलं. अल्जीरियन गटांच्या आपसातल्या वैरातून, की घरातल्या भांडणातून, याबद्दल दोन्ही बाजूंनी सांगणारे आहेत. बोबिनीच्या मुस्लिम कब्रस्तानात त्याचं दफन झालं. अल्जीरिया स्वतंत्र झाला 1962 मध्ये.

उद्या सांगतो म्हटलं होतं, त्याला तीन आठवडे लागले. मी फळ्यावर नाव उर्दूत लिहिलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं पोरं खूश होतील, टाळ्या वाजवतील. पदकापर्यंत वाजवल्याही. कॅफे बुडाला तिथे वर्ग गप्प झाला. ज्याने प्रश्न विचारला होता तो म्हणाला, “सर, मग त्याला परत एकदा पळू द्यायचं होतं ना.” एकाने विचारलं, तो फ्रान्सचा की अल्जीरियाचा? मी म्हटलं, फ्रान्स म्हणतं फ्रान्सचा. “आणि तो काय म्हणायचा?” याचं उत्तर मला देता आलं नाही, आणि घंटाही झाली.

टोपी आता घरी ठेवून निघतो, असं लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं. काही दिवस ठेवली. मग अम्मींनी विचारलं, “नमाज को पहनता, भागने को निकालता, कायकू?” आता ती डोक्यावरच असते, घामाने भिजते, रोज धुवावी लागते. गस्तीची गाडी त्यानंतर दोनदा दिसली. एकदा हात वर झाला, थांबवायला नव्हे.

पुण्याच्या मॅरेथॉनचा अर्ज भरायचा आहे. छातीवरच्या क्रमांकाखाली कोणतं नाव छापायचं, हे आठवीच्या वर्गाने मतदान घेऊन ठरवलंय आणि मला अजून सांगितलेलं नाही. रमजानात तरावीहनंतर चाळीस मिनिटं धावायचं असा बेत आहे, लांबचं अंतर ईदनंतर. सध्या एका दमात नऊ किलोमीटर होतात. या रविवारी अकरा आहेत, घाटापर्यंत जाऊन परत, मग स्टेशनपर्यंत, आणि तिथून घरी.