क्षय नव्हे, दमाही नव्हे

रात्री दोन-अडीचच्या सुमारास खोकल्याची उबळ येते, छातीत सूं-सूं वाजते, अंगात कसकस असते आणि वजन उतरत जाते. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, खामगाव-मलकापूरकडे असा माणूस दिसला की घरचे म्हणतात, दमा आहे. शेजारी म्हणतात, क्षय असेल. बहुतेक वेळा दोहोंपैकी एकाचे खरे ठरते. क्वचित मात्र दोघेही चुकतात. त्या क्वचित आढळणाऱ्या रोगाची ही हकीकत आहे.

१९४० साली आंध्रातील मदनपल्लीच्या क्षयरोग आरोग्यधामातील डॉ. फ्रीमॉट-मोलर आणि डॉ. बार्टन यांनी काही चमत्कारिक रोग्यांची नोंद प्रसिद्ध केली. फुप्फुसाचे चित्र क्षयासारखे, पण रोग क्षय नव्हे. रक्तात मात्र इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींची अतोनात गर्दी! १९४३ मध्ये डॉ. वाइनगार्टन यांनी या विकाराला ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ हे नाव दिले. सोमलयुक्त औषधाने तो हटतो, हेही त्यांनी दाखविले.

पण तो होतो कशाने? संशय हत्तीरोगाच्या कृमींवर होता. तरी रोग्याच्या रक्तात त्यांची पिल्ले काही सापडत नव्हती. १९६० मध्ये वेलोरच्या वेब, जॉब आणि गॉल्ट या डॉक्टरांना ती सापडली, तीही रक्तात नव्हे, तर फुप्फुसात, यकृतात आणि लसिकाग्रंथींत!

आता पाहा, हे कोडे कसे सुटते. डासाच्या चाव्यातून आलेल्या या कृमी पुष्कळांच्या अंगात मुकाट नांदतात. शंभरांत एखाद्याच्याही वाट्याला हा रोग येत नाही. पण त्या थोड्यांच्या शरीराची राखण फार जागरूक असते. ती रक्तातली पिल्ले फुप्फुसात अडवून मारते, म्हणून रक्त तपासले तर कृमी दिसत नाहीत. मात्र चोर धरण्याच्या झटापटीत घराचीच मोडतोड व्हावी, तसे फुप्फुस सुजते.

डायइथिलकार्बामाझिन या साध्या गोळ्या साधारण तीन आठवडे घेतल्या की बहुतेकांना उतार पडतो. दुर्लक्ष झाले तर मात्र फुप्फुस कायमचे निबर होते. म्हणून, वाचकहो, वर्धा, नागपूर, चंद्रपूर अशा हत्तीरोगाच्या मुलखात आपण राहून आला असाल आणि रात्रीचा खोकला हटत नसेल, तर डॉक्टरांना तेवढे आवर्जून सांगा. रक्तातल्या पेशींची साधी मोजणीही मग योग्य वाट दाखवू शकते.