निकितिनची वही आणि वऱ्हाडातील अभ्यासक

वऱ्हाड पंधराव्या शतकात बहमनी राज्याच्या चार तरफांपैकी, म्हणजे प्रांतांपैकी, एक होता. आणि त्याच राज्याचे प्रत्यक्ष पाहिलेले वर्णन त्वेर या रशियन नगरीच्या अफानासी निकितिन या व्यापाऱ्याने आपल्या भाषेत लिहून ठेवले. पदवीच्या विद्यार्थ्याने रशियन साहित्यावर काही लिहायचे म्हटले की तोलस्तोय किंवा दस्तयेव्स्की यांच्या कादंबऱ्यांचा सारांशच बहुधा पुढे येतो. वऱ्हाडातील विद्यार्थ्याला मात्र निकितिनची वही त्याहून जवळची आहे.

विकण्यासाठी आणलेला एक घोडा घेऊन निकितिन चौल बंदरात उतरला आणि पायवाटांनी जुन्नरला गेला. तेथील असदखानाने घोडा हिसकावून घेतला आणि इस्लाम स्वीकारल्यास तो परत देऊ अशी अट घातली. एका खुरासानी माणसाच्या मध्यस्थीने घोडाही मिळाला आणि धर्मही टिकला. पुढे राजधानी बीदर येथे त्याने सरदारांचा थाट आणि रयतेचे दारिद्र्य शेजारी शेजारी नोंदवले. वजीर महमूद गवान याच्या काळातील हे राज्य दरबारी फारसी बखरकारांनी वर्णिले आहेच. निकितिनचे लक्ष मात्र बाजार, घोड्यांचा भाव, अन्न आणि पेहराव यांवर असल्यामुळे बखरकारांनी जे टिपले नाही ते त्याच्या नोंदीत सापडते.

तो चौलला 1469 मध्ये आला असे पूर्वी सर्रास मानले जाई, परंतु नंतरच्या काही सोव्हिएत संशोधकांनी ते वर्ष 1471 धरले. या वादाला एक दुःखद कारण आहे: व्होल्गेच्या मुखाजवळ लुटारूंनी त्याचे धर्मग्रंथ नेले, त्यामुळे ईस्टर कधी येतो याचा हिशेबच त्याला राहिला नाही, आणि अंदाजाने पाळलेल्या सणांवरूनच आज त्याच्या प्रवासाची कालगणना करावी लागते.

मराठी माणसांचा रशियाशी पुढे आलेला संबंध, उदाहरणार्थ 1929 च्या सुमारास लेनिनग्राडमध्ये पाली शिकवणारे धर्मानंद कोसंबी किंवा 1961 मध्ये रशियाला गेलेले अण्णाभाऊ साठे, हाही अभ्यासाचा विषय आहेच. पण तो आधुनिक आहे आणि त्याची मराठी साधने हाताशी आहेत. निकितिनची वही वाचण्यास जुनी रशियन हवी, आणि तेवढ्यानेही भागत नाही, कारण मनातल्या प्रार्थना आणि धोक्याची मते त्याने तुर्की-फारसी मिश्र बोलीत, पण रशियन लिपीत उतरवली आहेत. परतीच्या वाटेवर स्मोलेन्स्कला पोचण्याआधीच तो वारला, आणि वही व्यापाऱ्यांनी मॉस्कोत नेऊन दिली.