वऱ्हाडात माणसे का आली?

अमेरिकेतील शेतकरी बायकामुलांसह छपराच्या गाड्यांतून पश्चिमेकडे निघाले, ही हकीकत आपली मुले शाळेत वाचतात. पण त्याच सुमारास आपल्या वऱ्हाडातही असाच माणसांचा लोंढा आला, हे अकोल्या-अमरावतीच्या घरांतून फारसे कोणी सांगत नाही. मौज अशी की, या दोन्ही गोष्टींमागे एकच युद्ध उभे होते.

1862 साली लिंकनने एका कायद्यावर सही केली. पाच वर्षे राहून जमीन कसावी, 160 एकर नावावर करून घ्यावी! असा कायदा होऊ न देणारे दक्षिणेचे प्रतिनिधी यादवीमुळे आधीच निघून गेले होते. त्याच यादवीत दक्षिणेची बंदरे अडविली गेली, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, आणि विलायतेतल्या व्यापाऱ्यांचे डोळे आपल्या काळ्या वावरांकडे वळले.

ही वावरे तेव्हा पुष्कळ ठिकाणी पडीत होती. पेंढाऱ्यांची लूट, 1803 चा दुष्काळ आणि निजामी मक्तेदारांची वसुली यांनी गावेच्या गावे ओस पाडली होती. 1853 साली वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात आले. पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी झाली, सारा तीस वर्षांसाठी ठरला आणि शेत कास्तकाराच्या नावे लागले. माझ्या मते माणसे आली ती मुख्यतः यासाठी. कापसाच्या भावाने फक्त त्यांचे पाय उचलले. खानदेशातून, नागपूरकडून, निजामच्या मुलखातून कुणबी आले; पाठोपाठ मारवाडी आणि कच्छी व्यापारी आले. 1867 च्या शिरगणतीत वऱ्हाडची वस्ती सुमारे 22 लाख होती, 1881 साली ती पावणेसत्तावीस लाखांच्या घरात गेली. ही सगळीच वाढ बाहेरची नव्हे, हे खरे. पण चौदा वर्षांत एवढी भर नुसत्या पाळण्यांनी पडत नाही.

1867 साली आगगाडी अकोला, बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली. 1870 साली तर खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावचा फाटा उघडायला आले. केवढा थाट!

पण युद्ध 1865 मध्येच संपले होते, आणि भाव उतरले होते. चढत्या भावावर कर्ज काढलेल्यांना आता कळले की, जे शेत आपल्या नावावर लागते ते गहाणही पडते. पूर्वीच्या पडीत जमिनीवर सावकार कर्ज देत नसे. आता तो खुशीने देऊ लागला. 1899-1900 च्या दुष्काळाने या घरांचे कंबरडेच मोडले. 1891 ते 1901 या दहा वर्षांत वस्ती सुमारे एक लाख त्रेचाळीस हजारांनी घटली.

आणि बंजाऱ्यांचे काय झाले? रेल्वेपूर्वी वऱ्हाडचा कापूस त्यांच्याच बैलांच्या पाठीवरून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. आगगाडीने तो धंदा बुडविला, चराईची रानेही नांगराखाली गेली. मग त्यांच्यातल्या कित्येकांनी तांडे एका जागी रोवले आणि ज्या कापसाची वाहतूक केली, तोच पेरायला घेतला.