परवूरची पन्नास मतदान केंद्रे

१९ मे १९८२. केरळमधल्या परवूर विधानसभा मतदारसंघात ८४ मतदान केंद्रे होती. त्यांपैकी ३४ केंद्रांवर नेहमीसारखी मतपत्रिका, शिक्का आणि पत्र्याची पेटी होती. उरलेल्या ५० केंद्रांवर मतदारांपुढे बटणांचे यंत्र ठेवलेले होते. भारतात मतदान यंत्र प्रत्यक्ष निवडणुकीत उतरले ते या दिवशी.

भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार शिवन पिल्लै यांचा या यंत्राला विरोध होता. मतदानाआधीच ते केरळ उच्च न्यायालयात गेले, पण न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. निकाल लागला आणि नेमके पिल्लैच १२३ मतांनी निवडून आले. त्यांना ३०,४५० मते पडली, काँग्रेसचे ए. सी. जोस यांना ३०,३२७. पिल्लैंची १९,१८२ मते यंत्रांतून निघालेली होती. आता कोर्टाची पायरी चढायची पाळी जोस यांची होती.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि ५ मार्च १९८४ रोजी निकाल आला. यंत्र चांगले की वाईट, यावर तो निकाल बेतलेला नव्हता. न्यायमूर्ती फजल अली यांच्या खंडपीठापुढचा प्रश्न अधिक मुळातला होता: यंत्र वापरण्याचा अधिकार आयोगाला दिला कोणी? निवडणूक आयोगाने केंद्र सरकारकडे परवानगी मागितली होती, ती मिळाली नव्हती. तरीही राज्यघटनेच्या ३२४व्या कलमाचा आधार घेऊन आयोगाने यंत्रे लावली. १९५१चा लोकप्रतिनिधित्व कायदा आणि १९६१चे नियम मात्र कागदाची मतपत्रिका, तिच्यावरचा शिक्का, तिची घडी आणि पेटी एवढेच ओळखत होते. कायदा जिथे स्पष्ट बोलतो तिथे आयोगाला स्वतःचा वेगळा नियम करता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. त्या ५० केंद्रांवर मतपत्रिकेने फेरमतदान झाले आणि जोस निवडून आले.

भारतीय निवडणुकांच्या इतिहासात या निकालाचे मोल फार मोठे आहे. ज्या पद्धतीने मत नोंदवायचे ती आधी संसदेने मान्य केलेली हवी, हा दंडक इथे पक्का झाला.

संसदेने डिसेंबर १९८८ मध्ये कायद्यात ६१-अ हे कलम घातले, ते १५ मार्च १९८९ पासून लागू झाले. कायद्यात मतपेटी किंवा मतपत्रिका असा उल्लेख येईल तिथे यंत्रही धरावे, असे स्पष्टीकरण त्याला जोडले गेले. नियमांतले बदल १९९२ मध्ये आले. दरम्यान यंत्राचे रूपही घडत होते. त्याच्या रचनेवर मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांनी काम केले. १९९८ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि दिल्लीतल्या १६ मतदारसंघांत यंत्र पुन्हा आले. पुढच्याच वर्षी संपूर्ण राज्याची निवडणूक यंत्रांवर घेण्याचा पहिला मान गोव्याला मिळाला. २००४ मध्ये लोकसभेच्या सर्व ५४३ मतदारसंघांतून मतपत्रिका हद्दपार झाली.

कागद गेला, पण त्याची उणीव राहिली. मत नोंदले गेल्याचा दिवा लागे, आवाज येई; ते कोणाच्या नावावर गेले याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा मात्र नव्हता. व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेल्या मताची कागदी चिठ्ठी दाखवणारे यंत्र, आणताना आयोगाने परवूरचा धडा लक्षात ठेवला. १४ ऑगस्ट २०१३ रोजी आधी नियम बदलले आणि मग ४ सप्टेंबरला नागालँडमधल्या नोकसेनच्या पोटनिवडणुकीत कागदी चिठ्ठीचे यंत्र लागले. कायदा पुढे, यंत्र मागे. हाच क्रम योग्य होता. महिन्याभरानंतर, ८ ऑक्टोबरला, सुब्रमण्यम स्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने कागदी नोंद ही मुक्त आणि निःपक्ष निवडणुकीसाठी अपरिहार्य असल्याचे म्हटले. २०१७ मध्ये संपूर्ण राज्यात व्हीव्हीपॅट वापरणारे पहिले राज्यही गोवाच.

किती चिठ्ठ्या मोजायच्या, यावर वाद अजून मिटलेला नाही. २०१९ मध्ये न्यायालयाने विधानसभेच्या प्रत्येक मतदारसंघामागे एकाऐवजी पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजायला सांगितले. सगळ्याच मोजाव्यात ही मागणी २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली गेली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीच्या गावकऱ्यांनी स्वतःच मतपत्रिकेने मतदान घ्यायचे ठरवले. प्रशासनाने ते होऊ दिले नाही. परवूरच्या निकालाच्या कसोटीवर अशा मतदानाला कायद्याचा आधार नव्हताच. पण नियम ५६-ड नुसार उमेदवाराला चिठ्ठ्यांच्या मोजणीची मागणी लेखी करता येते. ती मान्य करणे अधिकाऱ्याच्या हाती राहते. ही तरतूद अधिक सढळ व्हायला हवी. कारण यंत्र आणि चिठ्ठ्या यांचे आकडे जुळले नाहीत, तर चिठ्ठ्यांचा आकडा ग्राह्य धरावा, असे हाच नियम सांगतो.

ही चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते. तिच्यावर अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह असते. पुढच्या मतदानाला बटण दाबून लगेच वळू नका, ती वाचा. भलतेच नाव दिसले तर तिथेच केंद्राध्यक्षांना सांगा. लेखी निवेदन घेऊन चाचणी मत घेण्याची तरतूद नियम ४९-एमए मध्ये आहे.