'अट्ठकथा' : एका शब्दाचा अर्थ आणि उपयोग

'अट्ठकथा' हा शब्द धम्मप्रवचनांतून वारंवार कानी पडतो. तथापि त्याचा अर्थ 'आठ कथा' किंवा 'कथासंग्रह' असा समजणारे वाचक आजही भेटतात. पालीत 'अट्ठ' म्हणजे आठ हे खरे. परंतु येथील 'अट्ठ' हे 'अत्थ', म्हणजेच अर्थ, या शब्दाचे रूप होय. 'कथा' म्हणजेही येथे गोष्ट नव्हे, तर कथन वा विवेचन. तात्पर्य, मूळ वचनाचा अर्थ विशद करणारा ग्रंथ तो अट्ठकथा. 'अत्थ' या शब्दाचा 'हित' असाही अर्थ आहे, हे विसरता कामा नये.

अर्थकथनाची ही पद्धती त्रिपिटकातच आढळते. मज्झिमनिकायातील मधुपिण्डिकसुत्तात भगवान संक्षेपाने उपदेश करून निघून जातात. भिक्खू त्याचा विस्तृत अर्थ महाकच्चानांकडून समजून घेतात. पण तेवढ्यावर न थांबता भगवंतांकडे जाऊन तो पडताळून घेतात. विवरण कितीही थोर व्यक्तीचे असो, ते मूळ वचनाशी ताडून पाहावे, हाच याचा बोध.

महाराष्ट्राशी निगडित असे एक उदाहरण पाहू. सुत्तनिपातातील पारायनवग्गाच्या वत्थुगाथांत गोदावरीतीरी राहणारा बावरी आणि पतिट्ठानमार्गे, म्हणजे आजच्या पैठणमार्गे, गेलेले त्याचे सोळा शिष्य यांची हकीकत आहे. पारायनवग्गाचे विवरण करणारा चूळनिद्देस या वत्थुगाथांचे मात्र विवरण करीत नाही. त्यावरून त्या मागाहून जोडल्या गेल्या असाव्यात, असे अभ्यासक मानतात. विवरणग्रंथाच्या साहाय्याने मूळ ग्रंथाचे थर असे ओळखता येतात.

या अभ्यासाला पुण्याने मोठा हातभार लावला आहे. धर्मानंद कोसंबी यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापन केले. प्रा. पु. वि. बापट यांनी 1924 साली सुत्तनिपाताची देवनागरी आवृत्ती सिद्ध केली. धम्मसंगणीवरील 'अट्ठसालिनी' ही अट्ठकथा बापट व वाडेकर यांनी संपादित केली आणि 1942 साली ती भांडारकर संस्थेने प्रकाशित केली.

पाचव्या शतकात बुद्धघोषाचार्यांनी सिंहली अट्ठकथांच्या आधारे पाली अट्ठकथा रचल्या. मूळ उपदेश आणि हे ग्रंथ यांत शतकांचे अंतर आहे. किसागोतमी आणि मोहरीची गोष्ट आपण बुद्धवचन म्हणून सांगतो. वस्तुतः ती अट्ठकथेत येते. म्हणून ती त्याज्य ठरत नाही. मात्र ती कोठून आली हे सांगणे, हा प्रामाणिकपणाचा भाग आहे.

महापरिनिब्बानसुत्तातील चार महापदेसांनुसार कोणतेही वचन सुत्त व विनय यांच्याशी ताडून स्वीकारावयाचे असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही 1957 साली प्रकाशित झालेल्या आपल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बुद्धवचन ओळखण्यासाठी बुद्धिसंगतता आणि मानवाचे हित या कसोट्या पुढे ठेवल्या. 'अत्थ' शब्दातील अर्थ आणि हित हे दोन्ही आशय येथे एकत्र येतात. यास्तव उपासकांनी अट्ठकथा अवश्य वाचाव्यात; परंतु अर्थ सांगणाऱ्याचे शब्द कोणते आणि भगवंतांचे कोणते, हा भेद नित्य ध्यानी ठेवावा.